बाथटबमधली परीक्षा

काकूंचा फोन आला तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या दारात प्लास्टिकविरोधी पत्रकं वाटत होते. "श्रीकाका गेले गं," एवढंच बोलून त्यांनी फोन डेव्हकडे दिला. डेव्ह काकांचा ऑफिसमधला मित्र, दर नोव्हेंबरात त्यांच्याबरोबर हरणाच्या शिकारीला जाणारा. त्याने सरळ सांगितलं. दोन दिवस बर्फासारखा गार पाऊस होता. डेव्ह गाडीपाशी थांबला आणि काका दोन मैल आत एकटेच तंबू टाकून राहिले. सकाळी डेव्ह पोचला तेव्हा त्यांच्या अंगात ऊब उरली नव्हती. बदलायचे कपडे, स्लीपिंग बॅग, सगळं ओलंचिंब. "श्रीची बॅग कधी भिजत नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता... मी हातातली पत्रकं तशीच धरून उभी होते.

संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर श्रद्धांजली आली: 'हायकिंगला गेले असताना दुःखद निधन.' हायकिंग? काका शिकारीला गेले होते, परवाना काढून, शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालून. काकूंच्या स्वयंपाकघरात मटण चालत नाही म्हणून ईडन प्रेरीतल्या त्यांच्या गराजमध्ये इंडक्शनवर हरणाचा रस्सा रटरटायचा, आणि तो दोन-दोनदा वाढून घेणाऱ्यांनाच आता 'शिकार' लिहायची लाज वाटली. मी ग्रुपवर तसं लिहिलं. "ही वेळ नाही बेटा," कुणीतरी म्हणालं. खरं सांगायचं तर मंडळावर भडकणं मला सोयीचं होतं. दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. तीन वर्षांपूर्वी मी नाशिकहून एमएस करायला आले तेव्हापासून माझे शनिवार-रविवार त्यांच्याकडेच जायचे. शिकारीच्या आधीच्या आठवड्यात हॉलच्या कार्पेटवर त्यांचा पसारा मांडलेला असायचा. "रेन कव्हरवर विसंबायचं नाही," ते मला शिकवायचे. "पाणी पाठीकडून येतं, पट्ट्यांवरून उतरत." म्हणून सॅकच्या आत कचऱ्याची एक जाड पिशवी, तिचं तोंड पिळून, दुमडून रबरबँड. तिच्या पोटात आणखी पिशव्या: मोजे ब्रेडच्या पिशवीत, गरम कपडे बासमतीच्या पिशवीत, काड्यापेटी लोणच्याच्या बरणीत. भिजलेलं जाकीट मोठ्या पिशवीच्या बाहेरच राहणार. "ओल्याला आत प्रवेश नाही, कितीही दमलो तरी." मग भरलेली सॅक बाथटबमध्ये ठेवून तिच्यावर वीस मिनिटं शॉवर सोडायचा. तळाशी एक कागद. तो करकरीत निघाला तर पास. "माझ्या टबात माणसांपेक्षा बॅगाच जास्त आंघोळी करतात," काकू वैतागायच्या.

मी हसायचे, आणि टोचायचेही. "काका, कचऱ्याच्या पिशव्या घेऊन जंगलात जाता, हरणाने काय समजायचं?"

"हरणाचं माझ्याबद्दल आधीच फारसं चांगलं मत नसणार," ते म्हणाले.

या सप्टेंबरात त्यांच्या वाढदिवसाला मी मेणाचा लेप दिलेल्या सुती पिशव्यांचा सेट आणला. वॉटरप्रूफ, असं लेबलवर होतं. मी लेबल वाचलं, पाणी ओतून पाहिलं नाही. त्याच दिवशी त्यांच्या साठवलेल्या सगळ्या पिशव्या उचलून दुकानाबाहेरच्या रिसायकलिंगच्या डब्यात टाकून आले. "ब्रेडच्या दोन तरी ठेव," काका म्हणाले. नाही ठेवल्या. एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकविरुद्ध माझं आंदोलन, आणि काका त्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून वर्षानुवर्षं वापरत होते. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. निघण्याआधी त्यांनी नव्या पिशव्यांनी भरलेल्या सॅकचा फोटो पाठवला. तो मी लगेच सगळीकडे टाकला: 'माझे काका बदलले.' शंभर जणांनी हार्ट दिले असतील.

महिन्याने मी काकूंकडे राहायला गेले. चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "त्यांनी टेस्ट केली होती गं. दोनदा."

"आणि?"

"कागद दोन्ही वेळा भिजला. मी म्हटलं, अहो, सिंकखाली कचऱ्याची एक पिशवी आहे, ती लावा आतून. तर म्हणाले, पोरीला फोटो पाठवायचाय, एक दाखवायचं आणि एक वापरायचं असं मला जमणार नाही. हवामानवाल्यांनी रिमझिमच सांगितलीय, चालतंय." मग त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळे नाही हं." मी कप खाली ठेवला. कुणी न विचारता असं म्हणतं, तेव्हा ते किती वेळा मनात येऊन गेलं असेल...

पिशव्यांतून पाणी आत येतं हे मला सांगायचं त्यांनी टाळलं. का टाळलं, तेही मला ठाऊक आहे. सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. तीन वर्षांत त्यांचं एक वाक्य मी पुरतं ऐकून घेतलेलं मला आठवत नाही. घोषणा देणाऱ्याला समोरून फक्त घोषणाच ऐकू येते. प्लास्टिकविरुद्ध मी आजही आहे. पण पत्रकं घेऊन युनिव्हर्सिटीच्या दारात अजून उभी राहिलेले नाही.

आंघोळीला गेले तर टबाच्या टाइलवर, साबणाच्या वर, एक कागद चिकटलेला. परीक्षेचा कागद. काकांना भिजलेला कागद असा टाइलवर वाळत लावायची सवय होती. काकूंनी तो काढलेला नाही, मीही काढला नाही. मंडळासाठी मी मराठीत काढलेलं पत्रक होतं ते. वरची शाई पसरून निळा डाग झालाय, माझं नाव गेलंय. शेवटची ओळ तेवढी स्वच्छ वाचता येते: सुरुवात आपल्या घरापासून करा.