उकंडाबाबांचा कागद

बोरी अरबच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, माणसं दोन गोष्टींसाठी शेवटपर्यंत थांबतात. एक बक्षिसं आणि दुसरा उकंडाबाबांचा कागद. बक्षिसांना जिंकणारे असले तरी भागतं, कागदाला सगळं गाव लागतं. बावीस वर्षं या पटात मी माइक धरतोय, तेव्हा ही ऐकीव गोष्ट नाही.

रीत अशी. सकाळी बांधलेल्या बैलजोड्यांच्या रांगेतून उकंडाबाबा फिरतात. बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा, नाकपुडीपाशी तळवा धरून श्वास मोजायचा, खूर उचलून घ्यायचा आणि माझ्या कानात सांगायचं, ही जोडी किती सेकंदात धावणार. मी तो आकडा जोडीच्या नंबरापुढे लिहितो आणि कागदाची घडी खिशात ठेवतो. संध्याकाळी घड्याळाचे आकडे आणि बाबांचे आकडे माइकवर शेजारी शेजारी वाचायचे. लोक टाळ्या पिटतात, जास्त बढाया मारलेला एखादा जोडीवाला हळूच काढता पाय घेतो. एक गोष्ट मात्र संध्याकाळपर्यंत थांबत नाही. एखाद्या बैलाचं काही दुखत असलं तर बाबा तिथंच म्हणतात, "बसवा." मग ती जोडी धावत नाही. डॉक्टरचा दाखला प्रत्येकाकडे असतो, पण तो दोन दिवसांपूर्वीचा असतो आणि बैलाचा पाय त्या सकाळचा असतो.

या माणसाने जन्मात स्वतःचा बैल घेतला नाही. नवव्या वर्षापासून दुसऱ्यांची गुरं चारली, मग चाळीस वर्षं सालगडी म्हणून राबले. शाळेचं तोंड पाहिलं ते बाहेरून. आमच्या भागात शिकलेले पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच एक, पण बैलाला कुठं दुखतं हे कळणारा हा एकच, आणि त्याच्या दारात शेळीसुद्धा नाही. याला दैव म्हणा, काहीही म्हणा, मला चीड येते. वर्षभर लोक त्यांना उकंड्या म्हणतात. पटाच्या दिवशी तेवढे ते उकंडाबाबा होतात.

यंदा दीपा, त्यांची मुलगी, त्यांना त्यांच्या गावाहून एसटीनं घेऊन आली. जय भीम झाला, पाणी झालं.

"थकलो बाप्पा," बाबा म्हणाले. "या खेपेले किती जोड्या हायेत?"

"एक्केचाळीस."

"मरा आता. चाल, उरकून टाकू."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते निघाले. दोन वर्षांपासून ते असाच खांदा धरत होते. गुडघे गेले असतील असं मी धरून चाललो होतो. आपल्याला काय, सोयीचं कारण सापडलं की पुढचा विचार कोण करतो!

पंधरा-सोळा जोड्या झाल्यावर त्यांना दम लागला. आकडे मात्र पटापट सांगत होते. "याचा दम गळ्यातच हाय, आठच्या वर जाईन." "हा जोडीदाराले वढून नेते, लिव सात सेकंद दोन." तेविसाव्या नंबरावर घनश्यामची जोडी होती. घनश्याम म्हणजे दोन वर्षं लागोपाठ पहिला आलेला माणूस. त्याचा राजा नावाचा पांढरा बैल बाबांनी वासरू असल्यापासून पाहिलेला. बैलाने मान हलवली, गळ्यातली पितळी घुंगुरमाळ वाजली आणि बाबा हसले.

"राजा हाय हा. याले काय पाहाचं? लिव सहा सेकंद नऊ."

आणि पुढे निघाले.

बैल राजा नव्हता. तांबडा होता, नवा होता, सोन्या नावाचा. आमच्याकडे जिंकलेल्या बैलाची माळ नव्या बैलाला घालतात, त्याचा गुण याला लागावा म्हणून. मला दोन्ही दिसत होतं, माळही आणि बैलही. पण मला वाटलं, बाबा घनश्यामला चढवताहेत. थट्टा असेल. मी सहा सेकंद नऊ लिहिलं. घनश्याम काही बोलला नाही. सोन्याच्या पायांना हळद मात्र गुडघ्यापर्यंत फासली होती, आणि तिचाही मी विचार केला नाही.

दुपारी उन्हात पट रंगला. बाबा मंडपात माझ्या शेजारच्या खुर्चीवर मान टाकून बसले होते. चहा दिला तर कप हातात धरून गार केला. एकोणीस, वीस, एकवीस, जोड्या सुटत होत्या, मी आकडे सांगत होतो. शर्यतीआधी गळ्यातल्या माळा काढतात. तेविसावी जोडी माळा काढून मंडपासमोरून सुटायच्या रेषेकडे चालली, आणि बाबांनी माझं मनगट धरलं.

"कोनाची जोडी हाय?"

"घनश्यामची."

"हा राजा नाही."

"नाहीच. सोन्या आहे. तांबडा."

बाबांचा चेहरा उतरला. "पुढचा डावा पाय टाकत नाही तो. टेकवून राह्यला नुसता. तू आयकत नाही काय?"

मला काय ऐकू येणार! मला तेव्हा भलतंच कळलं. पांढरा आणि तांबडा यांतला फरक ज्याला सकाळी पुढ्यात उभं राहून कळला नाही, त्या माणसाचे डोळे मी पाहिले. ते माझ्याकडे नव्हते, माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी होते.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही?"

"दोन वर्सं झाले. काचबिंदू. गेली ते नजर येत नाही म्हने." त्यांनी माझं मनगट सोडलं. "माळ वाजली अन् मी फसलो. हात लावला असता तं समजलं असतं. थकलो होतो रे. एक बैल पाहाचा वाचला, असं वाटलं."

मी म्हणालो, "मी सांगतो की समितीनं जोडी थांबवली. तुमचं नावच येऊ देत नाही."

"मंग घनश्याम म्हनन, उकंडाबाबानं पास केली. अन् पळवन. दे तो माइक."

मी माइक मागे धरला. खरं सांगतो, मला तो द्यायचा नव्हता. वर्षातला हा एक दिवस त्या माणसाला उरला होता आणि तो त्यांच्या हातून जाताना मला पाहवणार नव्हता. तिकडे छकड्यावर जोडी हाकणारा धुरकरी चढला. बाबांनी चाचपत माझा हात शोधला आणि माइक ओढून घेतला.

"तेवीस नंबर सोडू नका," ते म्हणाले. "बैलाचा पाय गेला हाय. सकाळी म्या पाह्यला नाही. मले दिसत नाही. दोन वर्सं झाले, दिसत नाही. बसवा ते जोडी."

धुरकरी खाली उतरला. घनश्याम खाली मान घालून उभा होता, तेव्हा हळदीखाली सूज लपवली होती हे सगळ्यांना समजलं. पण घनश्यामला कोणी बोललं नाही. गर्दीतून आवाज आला तो वेगळाच. "मंग उकंड्या, दोन वर्सं काय आमाले येड्यात काढून राह्यला होता काय?" काही जण हसले. दीपा खुर्चीमागे उभी होती. तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्दीकडे अशी पाहत राहिली की मलाच खाली पाहावं लागलं.

संध्याकाळी समितीतले म्हणाले, यंदा कागद राहू द्या. मी म्हटलं, राहू देणार नाही. चाळीस जोड्या धावल्या होत्या. मी एकेक नंबर वाचत गेलो. घड्याळ सात सेकंद दोन, बाबा सात सेकंद दोन. घड्याळ आठ सेकंद एक, बाबा आठ सेकंद. पहिल्या पाचांतले चार त्यांनी बरोबर सांगितले होते. टाळ्या पडल्या नाहीत. लोक नुसते ऐकत राहिले. मग मी तेविसावा वाचला. "घड्याळ काही नाही. बाबा सहा सेकंद नऊ. ही चूक माझीही आहे, मला बैल दिसत होता." एवढं बोललो आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

गर्दी पांगल्यावर घनश्याम सोन्याला घेऊन मंडपात आला. त्यानं बाबांचा हात बैलाच्या डाव्या पायावर ठेवला. बाबांनी बराच वेळ बोटं फिरवली.

"मोडला नाही. पंधरा दिस काई कामाले लावू नको, खाली वली माती ठेव," ते म्हणाले. "अन् ते माळ राजाचीच राहू दे. याले त्याची कायले घालतं?"

"घालत नाही, उकंडाबाबा," घनश्याम म्हणाला.

शेवटच्या एसटीला वेळ होता. दीपा तिकिटाचे सुटे पैसे हातात धरून रस्त्याकडे पाहत होती. बाबांनी माझ्यापुढे हात पसरला.

"तो कागद दे मले."

मी दिला. पण तोंडाला गप्प बसवेना. "बाबा, दिसत नाही तर कागद काय करणार?"

त्यांनी घडी सावकाश सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून हात ठेवला.

"दिसत होतं तवा तरी मले कुठं वाचता येत होतं?"