माळवदाखालचं स्वर्गारोहण

सोलापूरला एसटीत बसलो तेव्हाच अंग मोडून आलं होतं. मे महिन्याचं ऊन, त्यात माझी पासष्टी उलटलेली. आमच्या चर्चचे पाळक आजारी पडले, म्हणून स्वर्गारोहणाच्या दिवसाचा संदेश द्यायला मला, निवृत्त शाळामास्तरला, पाठवलं. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. वाटेत डोळा लागला आणि तामलवाडीला उतरायचं ते थेट तुळजापूरला जाऊन उतरलो. पुन्हा मागची गाडी. आपलीच करणी, बोंब कुणाच्या नावानं मारायची?

तामलवाडीपासून आत, वस्तीवर चार ख्रिस्ती घरं आहेत. मी रत्नाबाईंकडे उतरलो. त्यांचे यजमान होते तोवर इथली उपासना तेच चालवायचे. बाईंनी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठाची) वाढली. तिखटानं नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण जिवात जीव आला.

इथली रीत अशी की ह्या दिवशी ऊन कललं की सगळ्यांनी माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) चढायचं आणि उघड्या आभाळाखाली गाणी म्हणायची, कारण प्रभू ह्याच दिवशी वर गेला. शिडी लागली, माणसं चढली. रत्नाबाई मात्र चुलीजवळून हलेनात.

"गुडघे दुखतात का?" मी विचारलं.

"गुडघ्याला काय झालंय? यंदा म्या चढणार न्हाय, मास्तर. माजा दिलीप पुण्यात सायेब झाला. दिवाळीपासनं त्याचा फोन न्हाय, म्या केला तर उचलत न्हाय. वर गेलेलं माणूस खाली बघत न्हाय. ह्यो प्रभू तर समद्यांच्या वर जाऊन बसलाय. त्याला कुठली रत्ना ठावं?"

छतावरून मला हाका येत होत्या. संदेश डोक्यात तयार होता: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, स्वर्गात चढला, देवाच्या उजवीकडे बसला, पुन्हा येणार. आमच्याकडे ह्याला ख्रिस्ताची उन्नतावस्था म्हणतात. तो शब्द ह्या बाईपुढे काढवेना. शिडी चढायचाही कंटाळा आला होता. मी तिथंच पाटावर बसलो.

"बाई, तो हे माणसाचं अंग घेऊनच वर गेला. हातांवरच्या खिळ्यांच्या खुणांसकट. तिथं बसून तो देवबापाजवळ आपल्यासाठीच विनवणी करतो."

"राजा झाल्यावर बी खुणा पुसल्या न्हाईत?"

"नाही पुसल्या."

त्यांनी चुलीतले निखारे मागे सारले. मग म्हणाल्या, "दिलीपच्या मनगटावर डाग हाय. लहानपणी माज्या तव्याला हात लागला होता त्याचा." आणि डोक्यावर पदर घेऊन त्या तिथंच बोलायला लागल्या, घरच्या माणसाकडे तक्रार करावी तशा. "देवा, तुला तुज्या खुणा दिसत्यात न्हवं? मग त्याला बी त्याचा डाग दिसू दे. मोठाच ऱ्हाऊ दे त्याला, खाली नगं आणू. निस्तं बघू दे."

वरचं गाणं थांबलं होतं. चुलीवरच्या धुराड्यातून सगळं वर ऐकू गेलं असावं. थोड्या वेळानं माणसं एकेक करून खाली आली आणि चुलीभोवती दाटीवाटीनं बसली. संदेश राहिलाच. कुणी विचारलाही नाही.

सकाळी निघालो तेव्हाही फोन आला नव्हता. भाकरी बांधून देताना रत्नाबाई म्हणाल्या, "न्हाय आला. पर म्या सांगून ठिवलंय."

परतीच्या गाडीत जागा मिळाली, झोप काही आली नाही. ख्रिस्त किती उंच गेला हे मी आयुष्यभर सांगत आलोय. तिथून त्याला खालचं दिसतं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. तो आपल्यासाठी विनवणी करतो म्हणालो, म्हणजे दिसतं, असंच मी त्या बाईला सांगून बसलोय. घरी येऊन आठवडा होत आला. रोज संध्याकाळी गुडघे टेकतो आणि दुसरं काही न मागता त्या पोराचा फोन मागतो.