राजाची दाढी आणि माझे सोडे

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर आई मला निरोप द्यायला आली होती, पण तिचं सगळं लक्ष बॅगेकडे होतं. हिरव्या रेक्झिनची ती बॅग तिने काथ्याने तीनदा आवळली होती. आत सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), सोलं (आमसुलं), तिरफळं, नारळ, उकडे तांदूळ आणि सगळ्यांवर वरचढ असा आडाळो, म्हणजे नारळ खवायची विळी.

"आई, सुहास भाताच्याच मुलखात राहतो," मी म्हटलं. "तांदूळ कशाला?"

"थंयचो तांदूळ येगळो," ती म्हणाली आणि विषय संपला.

सुहास माझा धाकटा भाऊ. गुरांचा डॉक्टर. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याला नेमणूक झाल्यापासून तो एकाही दिवाळीला घरी आला नव्हता. गुरं काही दिवाळी बघून आजारी पडत नाहीत, हे त्याचं ठरलेलं उत्तर. तेव्हा यंदा मीच जायचं, भाऊबीजेला त्याला घरचं जेवण रांधून घालायचं आणि जीभ सैल झाली की कोकणात बदली मागायला लावायचं, असा आम्हा मायलेकींचा कट होता. माणसाला सोलकढी पाजली की तो काहीही कबूल करतो, यावर आईचा विश्वास आहे.

कोल्हापूरहून गोंदिया आणि तिथून वडसा, असा लांबलचक रेल्वेप्रवास झाला. डब्यात माझ्या शेजारी कुणी फार वेळ टिकलं नाही. सोड्यांचा वास आम्हाला येत नाही, इतरांना येतो, हे मला तेव्हाच कळलं. वडशाला एसटीत चढताना कंडक्टरने बॅगेजवळ नाक नेलं.

"बाई, काय हाय जी याच्यात?"

"खाऊ आहे. भावासाठी."

"मंग भावाले टपावरूनच येऊ द्या," असं म्हणून त्याने बॅग वर चढवली.

वर आधीच ट्रंका, गाद्या आणि बांबू होते. एका नाटक कंपनीचं ते सामान. भाऊबीजेपासून या भागात गावोगाव मंडई (गावजत्रा) भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. कंपनीची माणसं माझ्या पुढेमागे बसून डुलक्या काढत होती. त्यातला एक भरदार मिशांचा गृहस्थ मधेच जागा होऊन "सेनापती, द्रोह!" असं म्हणाला आणि पुन्हा झोपला. ती सगळी गडचिरोलीला उतरली, सामान भराभर खाली आलं. मी माझी हिरवी बॅग उचलून धानोऱ्याच्या गाडीत बसले. दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं धान, त्यामागे सागवान, मधूनच कमळांनी भरलेलं एखादं तळं. समुद्र कुठेच नसताना इतकं पाणी असेल असं मला वाटलं नव्हतं.

सुहास नामदेवभाऊंच्या घरातल्या दोन खोल्यांत राहत होता. भाऊ आणि त्यांची बायको पार्बताबाई तळ्यावर मासेमारी करणारी माणसं. मला पाहायला घरातले, शेजारचे सगळे जमले. मी मोठ्या थाटात काथ्या सोडायला गेले तर काथ्या नव्हता, सुतळी होती. चेन उघडली आणि आतून दाढी बाहेर आली.

लांब, काळी, टोकाला किंचित पांढरी. तिच्यामागून पत्र्याचा मुकुट आणि मखमली अंगरखा.

"ताई, हा आईने पाठवला?" सुहासने मुकुट हातात घेऊन विचारलं.

नामदेवभाऊंनी दाढी उजेडाकडे धरली, उलटीसुलटी केली.

"ओळखली," ते म्हणाले. "राजाची हाय. मागच्या मंडईत मी पुढंच बसलो होतो. बेइमान भावाले माफ करते, त्या सीनात हे अर्धी निघाली होती." कंपनी कुठली, तिचा भाऊबीजेचा प्रयोग चामोर्शीकडच्या कोणत्या गावात, हेही त्यांना तोंडपाठ होतं. "उद्या सकाळी जाऊ. राजाले दाढी लागन आन् तुमाले तुमची मासोळी."

"मी बी येतो," पार्बताबाई म्हणाल्या. "मंडई पाहून होते."

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही चौघं एका काळीपिवळी जीपमध्ये बसलो. पार्बताबाईंच्या मांडीवर झाकलेली एक गंजी (पातेलं) होती, पायाशी अंबाडीची भाजी. मंडईतलं खाणं बरं नसते, म्हणून घरचं घेतलं, असं त्या म्हणाल्या. गंजीत तळ्यातले ताजे झिंगे होते. म्हणजे कोळंबीच, पण बोटाच्या पेराएवढी. मी मनातल्या मनात हसले. आमच्या सोड्यांपुढे हे काय टिकणार.

गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मांडव उभा होता. मागच्या बाजूला कंपनीचा मॅनेजर डोक्याला हात लावून बसला होता. सुहासने दाढी दाखवल्याबरोबर तो उठला आणि त्याने ती छातीशी धरली.

"माझी बॅग?" मी विचारलं.

त्याने 'या' म्हणून खूण केली. मग मला रंगमंचासमोर घेऊन गेला. तिथे माझे सगळे नारळ फुटून पडले होते. वर हळदकुंकू.

"आमाले वाटलं, गावानं पूजेसाठी पाठवले," तो म्हणाला. "येवढे नारळ कोन पाठवते जी? म्हून सारेच फोडले."

आडाळो तलवारींमध्ये ठेवलेला सापडला. सेनापतीला तो फार आवडला होता आणि शेवटच्या लढाईत वापरायचं त्याचं नक्की झालं होतं. सोडे मात्र शाबूत होते, कारण त्यांच्याजवळ कुणी गेलंच नव्हतं.

"आन् हे काय हाय, ते सांगा," मॅनेजरने तिरफळांची पुरचुंडी पुढे केली. ती अर्धी रिकामी होती. "आमच्या राजानं आवाजाचं औषध समजून मूठभर चावली."

बसमधला मिशीवाला गृहस्थ गादीवर बसला होता. त्याचं नाव बंडूभाऊ. त्याने माझ्याकडे बघून हात जोडले.

"वाई," तो म्हणाला, "जीव वोलत नाई."

"जीव?"

"जीभ," मॅनेजरने खुलासा केला. "सकाळपासून असंच चालू हाय. रात्री तीन अंकी नाटक हाय."

तिरफळाने जीभ बधिर होते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर ती माशाच्या आमटीत मोजकी टाकतात आणि जेवताना बाजूला काढतात. मूठभर चावणारा माणूस मी प्रथमच बघत होते. जीभ आपोआप ताळ्यावर येईल, असं मी सांगितलं, पण मॅनेजरला उपाय हवा होता. मग मी म्हटलं, नारळ फुटलेच आहेत, ते संध्याकाळपर्यंत खवट होतील. इथेच रांधू. राजाला सोलकढी पाजू.

तीन विटांची चूल होतीच. मी आडाळ्यावर बसले आणि सेनापती समोर उकिडवा बसून आपलं शस्त्र खोबरं खवतंय हे खिन्नपणे बघत राहिला. शेजारी पार्बताबाईंनी दुसरी चूल मांडली. आमच्या गप्पा नाकाने चालल्या होत्या. माझे सोडे कढईत पडले तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला. त्यांची अंबाडी उकळायला लागली तेव्हा मी वाकून वास घेतला. आंबट, हिरवा, चिखलमातीचा.

"इतकं आंबट?"

"तुमचं ते लाल काय गोड हाय का?" त्यांनी सोलांकडे बोट दाखवलं. त्या हसल्या, मग मीही.

बधिर राजा सोलकढीचे तीन पेले प्यायला. रंग बघून एका नटीने ती गालांना लावायची की काय, असं विचारलं.

जेवणाआधी ओवाळणी. तबक नव्हतं म्हणून नाटकातली ढाल उलटी केली, त्यात निरांजन ठेवलं. सुहास मांडवात पाटासारख्या एका खोक्यावर बसला. मी ओवाळलं. त्याने पिशवीतून साडी काढून माझ्या हातात दिली. मी बाजूला झाले, तर तो उठेचना. पार्बताबाई पुढे आल्या, त्यांनी ढाल माझ्या हातातून घेतली आणि त्याला ओवाळलं. त्यानेही पिशवीत हात घालून तशीच दुसरी साडी काढली. रंगसुद्धा तोच.

"दरसाल वोवाळतो मी याले," पार्बताबाई मला म्हणाल्या. "पहिल्या दिवाळीले तापानं फणफणला होता. दवाखान्यातली गुरं सोडून याच्याकडं पाहाले कोनी नोयतं."

या तापाचं आम्हाला कधी कळलं नव्हतं. मी सुहासकडे बघितलं. तो साडीच्या रिकाम्या पिशवीची घडी घालत बसला होता.

तेवढ्यात बंडूभाऊ त्या खोक्यावर येऊन बसला. "माझी वहीण गोंदियाले राह्यते," तो म्हणाला. 'व' अजून पुरता सुटला नव्हता. मी त्यालाही ओवाळलं. मग सेनापती, तबलजी, पडदे ओढणारा, मॅनेजर अशी रांगच लागली. तेल संपत आलं तेव्हा नामदेवभाऊ हळूच रांगेच्या शेवटी उभे राहिले. त्यांना बायकोने हाकललं नाही, कारण ओवाळत मी होते.

पंगत बसली. उकडा भात, सोड्यांचं सुकं, सोलकढी, अंबाडीतले झिंगे. कंपनीने सोडे नाक दाबून घेतले आणि नाक सोडून मागितले. सुहासने माझ्या हातचं सगळं वाढलं तेवढं खाल्लं, बोटं चाटली. मग ताट सरकवून म्हणाला, "बाई, झिंगे हायेत का अजून? मले दोन पळ्या घाला."

माझी सगळी तयारी त्या एका 'मले'पाशी थांबली. मी बदलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. थोडे झिंगे माझ्याही भातावर घेतले. चांगले होते. फार चांगले होते.

चार दिवसांनी सुहास मला वडशाला सोडायला आला, तेव्हा पार्बताबाईंनी बांधून दिलेला तांदूळ माझ्या खांद्यावर होता. परतीच्या वाटेवर कुणी जागा बदलली नाही. खिडकीशी बसून मी विचार करत होते की आपण भावाला आठवण करून द्यायला निघालो होतो, आणि त्याचं काही विसरलेलंच नव्हतं. त्याला फक्त आणखी एक घर मिळालं होतं. ते आपल्याला नुसत्या पत्त्यापुरतं ठाऊक होतं. आत जाऊन जेवल्यावर कळलं. रात्रीच्या प्रयोगाला आम्ही थांबलो नव्हतो, पण सुहासमार्फत बंडूभाऊचा निरोप आला होता की नाटक रंगलं, आणि माफ करण्याच्या सीनात दाढी पुन्हा अर्धी निघाली.

घरी पोचले तेव्हा आई ओटीवरच बसली होती.

"काय म्हणालो सुहास? येतलो?"

"नाही गे. तो थंयच ऱ्हवतलो."

तिने अंगणातल्या विहिरीकडे बघितलं. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात मचूळ पाणी येतं. घरात कुणी पाहुणा आला की तिला त्याचीच लाज वाटते.

"थंयचा पाणी गोडा आसा?" तिने विचारलं.

"आसा."

"मगे ऱ्हवांदे," ती म्हणाली आणि तांदळाची पिशवी उचलून आत घेऊन गेली.