अडीचला बंद होणारी खिडकी

विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात माझी खिडकी तीन नंबरची. अर्ज घ्यायची वेळ अडीचपर्यंत, असं पाटीवर लिहिलेलं. पण गडहिंग्लजकडची पोरं एसटीनं येतात, धापा टाकत पोचतात, हे पाटी रंगवणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून मी साडेतीनपर्यंत शटर अर्धंच ओढायची. पोरं खालून अर्ज सरकवायची, मी त्याच दिवसाचा शिक्का मारायची. एखादी सही राहिलेली असली तर वर जाऊन स्वतः आणायची. कित्येक वर्षं हे चाललं. कुणी करायला सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नाही. बोलायचा माझा स्वभावच नाही.

मग नवे अधीक्षक आले. वर्षअखेरीला त्यांनी माझा गोपनीय अहवाल सहीसाठी पुढं केला. ‘संस्थेप्रति निष्ठा’ या रकान्यात एकच शब्द : साधारण.

“साहेब, हे...?”

“अहो बाई, साधारण म्हणजे काय वाईट असतं का? तुम्ही दुपारच्या मीटिंगला येत नाही, कार्यक्रमाला दिसत नाही. करा सही, चहा गार होतोय.”

मीटिंगच्या वेळी माझ्या शटरखालून अर्ज येत असायचे. ते न सांगताच मी सही केली. जिना उतरताना मात्र ठरवलं, साधारण कसं असतं ते या माणसाला दाखवायचं.

दुसऱ्या दिवसापासून अडीचला शटर पूर्ण खाली. सही नसली की अर्ज परत. कुणी ओरडलं की एकच वाक्य : “अधीक्षकांना भेटा, दुसरा मजला.” पोरं वर जायची, पालक वर जायचे. भांडणाचा आवाज जिन्यातून खाली आला की मला डब्यातली भाकरी गोड लागायची. खोटं कशाला सांगू, त्या ऑफिसात इतकी सुखात मी कधीच नव्हते.

शेजारच्या खिडकीतली मैत्रीण म्हणाली, “अगं, पोरांनी काय घोडं मारलंय तुझं?”

“काही नाही. साधारण वागतेय.”

जुलैत एके दिवशी शटर ओढत असतानाच बाहेर चपलांची पळापळ ऐकू आली.

“काकू, थांबा की! बस कागलला बंद पडली. मायग्रेशनचा अर्ज हाय, उद्या पुण्यात शेवटची तारीख हाय!”

मायग्रेशन म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात प्रवेशाला लागणारा दाखला. मनात आणलं तर तासाभरात हातात देता येतो. घड्याळात दोन चौतीस झाले होते. शटरखालून तिचा हात आत आला, मनगटावर पेननं माझ्या खिडकीचा नंबर लिहिलेला. मी अर्ज दोन बोटांनी बाहेर ढकलला. “अधीक्षकांना भेटा, दुसरा मजला.” आणि शटर ओढलं.

साहेब त्या दिवशी रजेवर होते. मला माहीत होतं.

पुढच्या अहवालात निष्ठेच्या रकान्यात ‘अत्युत्कृष्ट’ आलं. शेरा : वेळेचे काटेकोर पालन. साहेब हसत म्हणाले, “बघा, सुधारलात की नाही?” भांडायला आलेल्यांना ते पाटीवरची वेळ सांगून परत पाठवत होते. वर्षभर मी ज्याच्यावर सूड उगवत होते, त्याला साधा ओरखडाही उठला नव्हता.

या जूनला ती पुन्हा आली. सकाळी दहाला, रांगेत पहिली. मी आवाजावरून ओळखलं.

“कालच हिथं जवळ कळंब्याला मावशीकडं येऊन ऱ्हायले, काकू. गेल्या साली चार मिन्टांनी वर्ष गेलं की माझं! हिथं एक बाई हुत्या, लई खडूस. तोंड बी दिसलं न्हाई त्यांचं. हायत का अजून?”

“न्हाईत,” मी म्हटलं. “बदली झाली त्यांची.”

“ब्येस झालं!”

तिच्या अर्जावर एक सही कमी होती. मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेले. साहेबांनी मान वर न करता सही केली. दाखला घेताना पोरगी वाकून काचेपलीकडून म्हणाली, “तुमी गेल्या साली असायला पायजे हुता, काकू.”

त्या दिवसापासून शटर परत अर्ध्यावर असतं. साहेबांवरचा राग मात्र तसाच आहे आणि तो मी सोडणार नाही. तिलाही राग धरायला तिचं माणूस मिळायला हवं होतं, ते मी लपवलं. ती बाई मीच. बदली झालेली नाही. खिडकी तीन नंबरची.