जोडीतली दुसरी गाडी

ज्याला हरवायचं आहे, त्याची गाडी तुम्ही स्वतःच्या पायानं चालू करून द्याल का? घाईनं हो म्हणू नका. एकाच गल्लीत समोरासमोर दुकान थाटलेल्या दोघांना विचारा, बांधाला बांध लागलेल्या सख्ख्या भावांना विचारा, यंदा सरपंचकीला उभ्या राहिलेल्यांना विचारा. मी विचारलंय. बहुतेक जण हसतात आणि विषय बदलतात.

निरवांगीच्या माळावर हे दरवर्षी व्हायचं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या आधी, तिथं मोटारसायकलींची रेस असायची. मडगार्ड काढलेल्या, सायलेन्सर कापलेल्या, पेट्रोलमध्ये एरंडेल ओतलेल्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या. फक्कीची पांढरी रेघ मारलेली असायची आणि तिच्यावर गाड्या जोडीजोडीनं उभ्या राहायच्या. पलीकडच्या बाभळीला वळसा घालून परत यायचं, एवढाच मार्ग. बक्षीस म्हणून फेटा आणि नारळ.

नियम मात्र एकच आणि कडक. आपली गाडी आपण चालू करायची नाही. जोडीतल्या शेजाऱ्यानं आपल्या गाडीला किक मारायची, ती धडधडायला लागली की हँडल आपल्या हातात देऊन म्हणायचं, "घ्या." मग आपण त्याच्या गाडीला किक मारायची आणि तेच म्हणायचं. आणि शेजारची गाडी चालू झाली नाही, तर आपलीही बंद. बाकीचे गेले तरी जोडीनं रेघेवर उभं राहायचं.

म्हणतात, कुणीतरी एकदा दुसऱ्याच्या टाकीत साखर टाकली होती, भांडण काठ्यांपर्यंत गेलं, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी ही अट घातली. ते खरं की खोटं, सांगायला आता कुणी उरलेलं नाही. पण त्या अटीनं काय केलं ते मला माहीत आहे. ज्या बागायतदाराच्या घरी माझ्या आजोबांना चहा वेगळ्या कपात मिळायचा, त्याच घरातला पोरगा एका वर्षी माझ्या वडिलांच्या जोडीला आला. चिठ्ठीत तसं निघालं, त्याला इलाज नव्हता. भर जत्रेत तो आमच्या गाडीवर बसला, घामाघूम होईपर्यंत किक मारत राहिला आणि शेवटी हँडल पुढं करून म्हणाला, "घ्या." मग पप्पांनी त्याची गाडी चालू केली. बाभळीपर्यंत दोघांत हातभराचं अंतर नव्हतं. कोण जिंकलं, ते पप्पा कधीच सांगत नाहीत. मी खूपदा विचारलंय.

आमच्या घरात पाटी-पेन्सिलच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' आणि 'चलो पुणे' यावरून. पप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि सुट्टीच्या दिवशी संघटनेची पत्रकं वाटायचे. बारामती ते इंदापूर, मधली सगळी गावं, त्याच गाडीवर. वर्षभर तिच्या मागच्या कॅरिअरला पत्रकांचे गठ्ठे बांधलेले असायचे आणि जत्रा आली की कॅरिअर उतरवायचं, मडगार्ड काढायचं. रेसचा नंबर लावायला पत्रा कुठून आणायचा? उरलेल्या पत्रकांचे थर खळीनं चिकटवून पुठ्ठा करायचा, कोऱ्या बाजूला नंबर रंगवायचा. ऊन पडलं की त्या आकड्याच्या आडून उलटी अक्षरं दिसायची. लोक टिंगल करायचे, "तात्याची गाडी रेसला न्हाय, मोर्चाला निघालीया." पप्पा म्हणायचे, "मोर्चात पहिलं येता येत न्हाय, म्हणून हितं येतो."

मी एकच रेस नीट पाहिली, ती शेवटची. आईच्या कडेला लागून, फुफाट्यानं डोळे लाल झालेले. हलगीचा आवाज गाड्यांनी पार गिळून टाकला होता. एरंडेल म्हटलं की लोक नाक मुरडतात, मला मात्र त्या जळक्या तेलाचा गोडसर वास अजून कुठं आला तर मी थांबते. परवा आमच्या घराजवळ, बारामतीतल्या जळोचीच्या चौकात तसा वास आला. बघितलं तर कुणीतरी भजी तळत होतं. तरी उभी राहिले.

त्या वर्षी पप्पांच्या जोडीला निमगाव केतकीचे चाचा होते. त्यांचं बियाणं-खताचं दुकान आणि मागं पानमळा. पप्पा आणि ते किती वेळा जोडीला आले असतील कोण जाणे, पुढं पुढं तर चिठ्ठ्या टाकणारेच त्यांच्या चिठ्ठ्या बाजूला काढून ठेवायचे म्हणे. त्या दिवशी चाचांची गाडी चालूच होईना. पप्पा किक मारताहेत, चाचा शेजारून ओरडताहेत, "आरं, ती घोडी हाय, गाढव समजून लाथा घालू नगंस!" बाकीचे बाभळीला वळसा घालून परत आले, त्यांना फेटे बांधले गेले, आणि हे दोघं अजून रेघेवरच. शेवटी गाडी धडधडली तेव्हा माळावर भेळवाले आणि कुत्री उरली होती. तरीही दोघं गेले. पूर्ण वेगानं. आई म्हणाली, "येडी हायती दोघंबी," आणि टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर रेस झाली नाही. ती कुणी बंद केली नाही, तसा ठराव कुणी केला नाही. माळाच्या कडेनं प्लॉट पडले, मग मधून रस्ता गेला, मग तारेचं कुंपण आलं. पोरांकडे बटण दाबलं की चालू होणाऱ्या गाड्या आल्या. बटणाला शेजारी लागत नाही. आता जत्रेत डीजे असतो आणि ज्याच्या त्याच्या गटाचा वेगळा असतो, एकाचा आवाज दुसऱ्यावर चढवायला. याला आम्ही प्रगती म्हणतो. मी म्हणत नाही.

आमची गाडी जळोचीच्या घरामागं पत्र्याखाली उभी राहिली. पप्पा निवृत्त झाले, त्यांचा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, वाटी बदलावी लागेल. ऑपरेशननंतर चालाल, जिने चढाल, पण किक मारणं विसरा. पप्पांनी बाकीचं काही ऐकलंच नाही. घरी येऊन आईला म्हणाले, "ऑपरेशन जरा पुढं ढकलू."

"कशापायी?"

"एक किक ऱ्हायलीय."

आई म्हणाली, "गुडघा तुमचा का गाडीचा, ते एकदा ठरवा."

त्याच सुमारास पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या रेसच्या गाड्या गोळा करतात. हमरस्त्यावर त्यांचं हॉटेल आहे, तिथं काचेत दिवे लावून गाड्या ठेवल्यात. आमच्या गाडीभोवती फिरून म्हणाले, "ओरिजिनल पीस आहे." नंबरचा पुठ्ठा अजून पुढं लटकत होता, तो नखानं खरवडून बघितला. मग गाडीवर बसून किकवर पाय ठेवला. पप्पा चहाचा कप ठेवून उठले. पाय ओढत गेले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, उतरा. तुम्ही जोडीतले नाही."

गृहस्थ ओशाळले, पण माणूस वाईट नाही. अजून फोन करतात. त्या काचेत गाडी चकचकीत राहील, गंजणार नाही, हे मलाही कळतं. पण तिथं ती कुणाच्या शेजारी उभी असेल? एका बाजूला दुसरा ओरिजिनल पीस, दुसऱ्या बाजूला आइस्क्रीमचा फ्रीज. कुणी कुणाला किक मारणार नाही. ज्या वस्तूनं दोन माणसांना एकमेकांवर अवलंबून ठेवलं, तिला एकटीला काचेत ठेवणं मला पटत नाही, आणि कुणी मला हळवी म्हटलं तरी पटणार नाही.

म्हणून मी आणि पप्पांनी गाडी काढली. पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून डिझेल सोडून ठेवलं, गिअर टाकून चाक रोज थोडं पुढं-मागं हलवलं. एके सकाळी चाक सुटलं आणि इंजिनानं आतून उसासा टाकला. कार्बोरेटर धुतला. ठिणगीचे पॉइंट साफ करायला पप्पांनी माझ्याकडे जुनं पत्रक मागितलं, त्याची पट्टी फाडून पॉइंटमध्ये सरकवली आणि ओढून काढली. "ह्या कागदाला खरखर चांगली हाय," म्हणाले. मग चाचांना फोन लावला.

चाचा मुलाच्या टेम्पोतून आले, पानांची पुडी घेऊन. उतरताच म्हणाले, "काय तात्या, गाडी इकतोस म्हणं?"

"इकत न्हाय. बघायला माणूस आला हुता."

"बघायला पोरगी असती लेका, गाडी न्हाय. गुडघा कसा हाय?"

"तुझ्या पोटापेक्षा बरा हाय."

"वैनी, हा असाच बोलतो का घरात?"

आई म्हणाली, "एकाचा गुडघा, एकाची शुगर. दोघं मिळून एक माणूस धड व्हायचा न्हाय. आधी चहा घ्या, मग काय ती लढाई करा."

चहा झाला. गाडी अंगणात घेतली. मी विटेच्या तुकड्यानं जमिनीवर रेघ मारली, कारण फक्की नव्हती. चाचा गाडीवर बसले, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणाले. पहिली किक वाया गेली. दुसरीही. पप्पा म्हणाले, "आरं, ती गाडी हाय, पानाचा वेल समजून कुरवाळू नगंस." चाचांनी शिवी गिळली, माझ्याकडे बघून गिळली हे कळलं, आणि पुढच्या किकला गाडी पेटली. निळा धूर, तो वास, तो कापलेल्या सायलेन्सरचा टणत्कार. समोरच्या सोसायटीत लोक बाल्कनीत आले. आई पदर तोंडाला लावून हसत होती. माझे डोळे धुरानं भरले, असं मी सगळ्यांना सांगितलं.

चाचा उतरले. हँडल पुढं केलं. "घ्या."

पप्पांनी हँडल धरलं. आम्हाला वाटलं, आता बसतील, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतील. ते बसले नाहीत. त्यांनी डावीकडं बघितलं. रेघेवर तिथं जागा रिकामी होती, पलीकडं आईची तुळस आणि पाण्याची टाकी. मग त्यांनी किल्ली फिरवली. गाडी बंद.

"तुझी कुठाय?" त्यांनी विचारलं.

चाचा हात पुसायचं फडकं शोधायला लागले. "तुला ठावं हाय की. इंदापूरच्या बाजारात दिली."

"मग मी किक कुणाला मारू?"

मी चिडले. म्हणाले, "पप्पा, एवढी मेहनत केली, एक चक्कर तरी मारा!"

"शेजारची बंद, तर आपलीबी बंद," पप्पा म्हणाले. रागानं नाही. जसं एखाद्याला बसची वेळ सांगावी तसं.

चाचांनी फडकं टाकलं. म्हणाले, "तात्या, तू लय छळतोस." पण दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन हजर झाले. आम्ही तिघं इंदापूरला गेलो. ज्या दूधवाल्यानं गाडी घेतली होती, तो सापडला. त्यानं तिच्यावर कितीतरी वर्षं किटल्या वाहिल्या, मग नवी गाडी घेतली आणि ती पाहुण्याला दिली. पाहुण्यानं कुठल्याशा मळ्यात दिली, पण कुणाच्या ते त्याला आठवेना. उजनीच्या कडेला म्हणाला, मग म्हणाला निरेच्या बाजूला असेल. आम्ही भंगारवाल्यांकडे बघितलं, गॅरेजांच्या मागं बघितलं. परतीच्या वाटेवर निमगाव जवळ आल्यावर चाचा म्हणाले, "द्यायला नगं हुती मी. पर पोरांना लाज वाटायची रं, त्या आवाजाची." पप्पांनी पुडीतलं एक पान काढून त्यांना दिलं, एक स्वतः घेतलं. दोघांनी रस्त्याकडं बघत खाल्लं.

मी चळवळीच्या घरात वाढले. मला माहीत आहे की मोठ्या मागण्या असतात आणि त्यांच्यापुढं एक जुनी गाडी काहीच नाही. पण समतेवर मी जितकी पत्रकं वाचली, त्यातल्या एकातही असं लिहिलेलं नव्हतं की शेजाऱ्याची गाडी चालू झाल्याशिवाय आपण निघायचं नाही. ते मी माळावर पाहिलं. ते मला परत हवं आहे. माळ परत मागायची लढाई वेगळी आहे आणि ती मी लढणारच आहे. आज मागते ती गोष्ट छोटी आहे.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख पुन्हा दिलीय. आई आता ऐकणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. पप्पा रात्री कण्हतात, मी ऐकते. त्यांच्या उजव्या पायात एक किक उरलीय आणि ती मारायला दुसरी गाडी नाही.

तेव्हा वाचणाऱ्या माणसा, तू बारामती, इंदापूर किंवा आसपासच्या कुठल्याही गावात राहत असशील, तर हा कागद खाली ठेव आणि तुझ्या गोठ्यात जा. पेंडीच्या पोत्यांमागं, मोडक्या पाइपांखाली जुनी टू-स्ट्रोक गाडी असेल, तर तिच्यावरचं सगळं बाजूला कर. रंगावर जाऊ नकोस, तो बदललेला असेल. डाव्या पायाचं फूटरेस्ट नांगराच्या लोखंडाचं आहे का बघ. सीट उचल. खाली चौकटीला बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री वेल्डिंग करून बसवलेली असेल, चाचांनी ही गाडी नवी असताना हौसेनं बसवलेली. ती दिसली, तर गाडी धुऊ नकोस, भंगारवाल्याला हाक मारू नकोस. निमगाव केतकीच्या बाजारात कुठल्याही पानवाल्याला सांग, निरोप पोचतो. गाडी बंद असली तरी चालेल. चालू आम्ही करू.