न चावणारा बूट

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही, नुसती भिंत आहे. तीन मजली उंच, मध्येच पुढे झुकलेली, अंगभर लाल-पिवळ्या-हिरव्या गाठी उगवलेली. छताच्या काचेतून दुपारचं पांढरं ऊन तिच्यावर पडलंय. खाली निळ्या गाद्या. वरून कुणीतरी सुटतं, गादीवर धप्प आवाज होतो आणि पुन्हा सारं शांत. एकेकाळी हे गोदाम होतं. आता इथे लोक पैसे मोजून भिंत चढायला शिकतात. डाव्या कोपऱ्यात, जिन्याखाली, एक बुटकं स्टूल, एक दिवा आणि त्या दिव्याखाली मामा.

सख्खा भाचा एकही नव्हता, पण मामा म्हणणारे दोनशे. वडिलांचं बूट शिवायचं दुकान होतं, तेच पुढे मामांनी चालवलं. मग कारखान्यातले बूट आले, दुकान बसलं आणि पन्नाशीत मामा हातावर हात ठेवून बसले. अशात एक दिवस इथल्या मालकीणबाई एक विचित्र बूट घेऊन आल्या. टोकदार, रबरात गुंडाळलेला, अंगठ्याशी भोक पडलेला. याला नवा तळ लागेल का, असं त्यांनी विचारलं. मामांनी बूट उसवला, आत काय दडलंय ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी होता तसा बांधून दिला. तेव्हापासून जिन्याखालची जागा त्यांची.

नवखा माणूस आला की त्याचा हात आधी महागड्या बुटाकडे जाई, पोपटाच्या चोचीसारखं नाक खाली वळलेल्या. मामा तो हात धरून परत आणत. चोच खऱ्या कड्यांसाठी, तू अजून शिडीवर चढताना देवाचं नाव घेतोस, असं ऐकवत. छपराखाली सराव करायचा तर सपाट आणि जाड तळाचा बूट घ्यावा, तो लवकर झिजत नाही. बोटं टोकाला टेकावीत, दुमडू नयेत. टाचेत हवा राहू नये. आणि नवा कशाला हवा, दुसऱ्याने वापरलेला, मी तळ बदललेला घे, निम्म्याहून कमी पैशात काम होईल. एवढं झालं की गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचा, बुटाच्या टोकावर अंगठा दाबायचा आणि विचारायचं, कुठे चावतो? उत्तर येईल तसा बूट बदलायचा. माणूस किमतीबद्दल खोटं बोलतो, दुखण्याबद्दल बोलत नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा सिद्धांत होता.

त्या सिद्धांताला सुरुंग लावणारा माणूस एका सोमवारी हसत हसत आत आला. उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला काचवाला म्हणू लागले. वय एक्कावन्न, तोंडाची टकळी अखंड चालू. कंपनीने नवा नियम काढला होता. पन्नाशी उलटलेल्याने दरवर्षी अशा भिंतीवर चढून दाखवायचं, नाहीतर दोर काढून घेणार. परीक्षेला जेमतेम तीन आठवडे उरले होते. बूट स्वस्तातला द्या पण घट्ट द्या, घट्ट बूट म्हणजे पास, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं.

मामांनी पाय मांडीवर घेतला. पाय गार लागला. कातडी कोरडी, तुकतुकीत, केसाचा मागमूस नाही. मामांच्या मनात काहीतरी हललं, पण समोरचा माणूस चौदाव्या मजल्यावरच्या एका बाईची गोष्ट सांगत होता. ती खिडकीतून याला रोज बोट दाखवून राहिलेला डाग दाखवायची म्हणे. पहिला बूट चढवला. कुठे चावतो? कुठेच नाही. एक नंबर लहान दिला. कुठेच नाही. दोन नंबर लहान दिला, ज्यात धडधाकट गडीसुद्धा डोळ्यांत पाणी आणतो. काचवाला त्यात उभा राहिला, चालला, चवड्यांवर उड्या मारल्या आणि म्हणाला, फर्स्टक्लास. बघणाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. लोखंडी पायाचा, म्हणाले. मामांनीही मान डोलावली. तोच जोड त्यांनी नवा तळ लावून, खास हात फिरवून त्याला दिला.

बारा दिवस काचवाला रोज आला. भिंतीवर पाल जाते तसा जायचा. फक्त एक होतं, पाय ठेवण्याआधी दर वेळी तो खाली वाकून पायाकडे बघायचा. नवखे बघतात, वीस वर्षं दोरावर काढलेला माणूस बघत नाही. मालकीणबाईंनी टोकलंही, पाय चाचपून ठेवा, बघून नाही. तो हसला आणि बघतच राहिला.

तेराव्या दिवशी उजव्या बुटाची कड सुटली म्हणून त्याने जोड मामांच्या पुढ्यात टाकला आणि अनवाणी गाद्यांकडे गेला. मामांनी बुटात हात घातला. वास आधी आला. मग अंगठ्याच्या जागी काहीतरी टचकन टोचलं.

खिळा होता. मामांचाच. नवा तळ चिकटून वाळेपर्यंत ते कडेला पाच बारीक खिळे ठोकत. दुसऱ्या दिवशी एकेक काढून ओठांत धरत आणि जिभेने मोजत. या जोडाचे खिळे काढताना चौदाव्या मजल्यावरची बाई आठवून ते एकटेच हसले होते. हसायला तोंड रिकामं करावं लागतं. चार खिळे हातात ओतले होते आणि मोजणी तिथेच राहिली होती.

खिळ्याभोवती अस्तर काळं, कडक झालं होतं. बारा दिवस हा माणूस त्या टोकावर सगळा भार देऊन उभा राहिला होता आणि फर्स्टक्लास म्हणत होता. मामांनी मान वर केली. काचवाला पाणी पीत कुणाची तरी टिंगल करत होता. निळ्या गादीवर त्याच्या मागोमाग एक ओला, तपकिरी ठिपका, मग आणखी एक, जिन्यापासून थेट त्याच्या पायापर्यंत.

मामांनी त्याला बोलावून स्टुलावर बसवलं आणि पाय उलटा केला. अंगठ्याखालचं भोक त्यांनी पाहिलं, त्याने पाहिलं नाही.

"साखर आहे का रे तुला?"

टकळी पहिल्यांदा थांबली. मग हलक्या आवाजात सगळं बाहेर आलं. दोन वर्षं झाली, पाय मुके झालेत. गार फरशी कळत नाही, गरम कळत नाही. गोळ्या मध्येच सोडल्या. विसाव्या मजल्यावर पाय कुठे टेकलाय ते डोळ्यांनी बघावं लागतं, ऊन काचेवर चमकलं की तेही दिसत नाही. मग अंदाजाने.

"शुक्रवारी परीक्षा आहे, मामा. खिळ्याचं मी कुणाला बोलत नाही, पायाचं तुम्ही बोलू नका. फिटंफाट."

सौदा चोख होता. बोललं तर मामांची चाळीस वर्षांची अब्रू जाणार आणि याचा दोर. न बोललं तर कुणाचंच काही जाणार नव्हतं, एखादं ऊन काचेवर चमकेपर्यंत. वरून कुणीतरी सुटलं. धप्प. मामा दचकले. इथे खाली गादी होती.

त्यांनी खिळा उपटला, रुमालात घेतला आणि मालकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. हा माझा, म्हणाले, आणि पुढचं सगळं सांगून टाकलं.  

दवाखान्यात अंगठा गेला, शेजारचं बोटही गेलं, पाय वाचला. कंपनीने दोर काढून घेतला आणि त्याला फाटकावर खुर्ची दिली. मामा तीनदा भेटायला गेले. तिन्ही वेळा त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या बायकोने मामांना पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. मामांनी खिळे वापरणं सोडलं, तळ नुसता दोरीने आवळून बांधू लागले. बूट दाखवताना कुठे चावतो विचारायचे, पण आता उत्तराकडे लक्ष नसायचं. मोजा काढायला लावून पाय आधी उलटा करून बघायचे. गिऱ्हाइकं हसायची, काही चिडून निघूनही जायची.

चार महिन्यांनी एका दुपारी काठीचा आवाज आला. काचवाला जिन्याखाली येऊन उभा राहिला. खूप वाळला होता. मामा स्टूल सोडून उठू लागले, त्याने हातानेच बसवलं. समोरच्या बाकावर टेकला आणि भिंतीकडे न बघता, सावकाश, डाव्या पायातला जोडा काढला. मोजा उतरवला. पाय उचलून मामांच्या मांडीवर ठेवला.

"सकाळी बायको म्हणाली, चादरीला डाग आहे. हा पण बघा, मामा. मला काही कळत नाही."