खडूच्या खुणा

आमच्या जे. पी. नगरच्या अपार्टमेंटमध्ये गाडीच्या जागेत दोन वर्षं एक शिडाची होडी पालथी पडली आहे, आणि गाडी बिचारी रस्त्यावर धूळ खाते. समुद्र नसलेल्या गावात होडी कशाला, हे सगळ्या शेजाऱ्यांनी मला विचारून झालं आहे. तळ्यावरच्या एका क्लबाने ती भंगारात काढली होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी दर रविवारी हीच होडी चालवलेली, म्हणून ते तिला घरी घेऊन आले. गुडघे साथ देतायत तोवर एकदा तिच्यातून तळं पार करायचं, एवढीच त्यांची इच्छा.

होडीचा तळ म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये लाकूड. त्या लाकडात पाणी मुरलं होतं. कुठे मुरलंय ते स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून कळतं. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी नुसतं थप्. अप्पांना बोललेलं ऐकू येतं, पण हा फरक आता कळत नाही. त्यामुळे शनिवारी सकाळी ठोकायचं मी, आणि थप् आलं की खडूने गोल काढायचा. मग ते तिथला वरचा थर कापणार, लाकूड उकरणार, नवं बसवून वर रेझिन लावणार. एकेका गोलाला महिना जायचा.

मास्क लावा, मास्क लावा म्हणून माझं तोंड दुखलं. कापताना उडणाऱ्या फायबरच्या धुळीने ते दिवसभर खोकायचे. डॉक्टरांनी बजावूनही झालं होतं. मला चीड यायची आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

एका शनिवारी मी ठोकत गेले आणि टोकापासून मध्यापर्यंत थप् येत राहिलं. हे सगळं कापायला अप्पांचं आयुष्य पुरणार नाही, हे मला तिथेच कळून चुकलं. मी दोनच गोल काढले आणि बाकी छान आहे म्हणून सांगितलं. अप्पा इतके खूश झाले की त्यांनी वॉचमनलाही कॉफी पाजली.

काही आठवड्यांनी त्यांनी त्यातला एक गोल कापला. आतलं काळं, ओलं लाकूड खुणेच्या बाहेर पसरलेलं होतं. मी काही बोलणार, तर त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "स्वल्प थांब." कापलेल्या कडेतून त्यांनी स्क्रूड्रायव्हर आडवा आत सरकवला. तो मुठीपर्यंत गेला.

तुमचा खोकला बघवत नव्हता, असं मी कसंबसं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले, "म्हणून तर तुला विचारत होतो."

पुढच्या शनिवारी खाली गेले तर होडीपाशी वॉचमन उभा होता. त्याला दोन्ही आवाज ठोकून दाखव, असं अप्पांनी मला सांगितलं. मी दाखवले. तो पटकन शिकला. ठोकत ठोकत तो मी वगळलेल्या जागेपर्यंत आला, थबकला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"तिच्याकडे बघू नकोस," अप्पा त्याला कन्नडमध्ये म्हणाले, "मला सांग."

मी खडू त्याच्या हातात दिला.